बेळगावचं नाव लागलेलं एक प्रकरण: खेळ विकणाऱ्याला तुरुंग हवा का?

कर्नाटक उच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ रोजी केपीएलच्या, म्हणजे कर्नाटक प्रीमियर लीगच्या, फिक्सिंग प्रकरणात निकाल दिला. पैसे घेऊन सामना ठरवून खेळला हे आरोपपत्रातलं म्हणणं अक्षरन् अक्षर खरं धरलं, तरी त्यातून भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खालचा फसवणुकीचा गुन्हा होत नाही, असं न्यायमूर्ती श्रीनिवास हरीश कुमार यांनी म्हटलं आणि अर्जदारांविरुद्धची कारवाई रद्द केली. अर्जदारांत खेळाडू होते, तसाच बेळगावी पँथर्स या संघाचा मालकही होता.

मी बेळगावात फौजदारी वकिली करतो. या निकालावर इथे जेवढं बोललं गेलं त्यात दोनच टोकं ऐकू आली. एक, ‘सुटले सगळे, देशात न्याय नाही.’ दुसरं, ‘खेळच तो, त्यात तुरुंग कसला?’ दोन्ही मला पटत नाहीत. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो. माणसांची नावं मुद्दाम घेत नाही. ज्यांच्यावरचे आरोप न्यायालयात टिकले नाहीत, त्यांची नावं पुन्हा चव्हाट्यावर आणण्याचा हक्क मला नाही.

घडलं काय

केपीएल २००९ मध्ये सुरू झाली. जिल्ह्याजिल्ह्याच्या नावाने संघ आणि रणजीच्या उंबरठ्यावरच्या पोरांना दूरचित्रवाणीवर दिसायची संधी, असा तिचा थाट. २०१९ चा हंगाम ऑगस्टमध्ये झाला. संघाला नाव आपल्या गावाचं, पण सामने बेंगळुरू आणि म्हैसूरला.

हंगाम संपून महिना होतो न होतो तोच, सप्टेंबरात, बेंगळुरूच्या केंद्रीय गुन्हे शाखेने पँथर्सच्या मालकाला सट्टा आणि फिक्सिंगच्या संशयावरून अटक केली. मग धागा उलगडत गेला. नोव्हेंबरात बळ्ळारी टस्कर्सचे दोन खेळाडू उचलले गेले, त्यातला एक संघाचा कर्णधार. आरोप असा की ३१ ऑगस्टला म्हैसूरला झालेल्या हुबळी टायगर्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात संथ फलंदाजी करण्यासाठी २० लाख रुपये ठरले होते. तो सामना हुबळीने ८ धावांनी जिंकला.

आरोप सिद्ध झालेला नाही, हे पुन्हा सांगतो. न्यायालयाने पुरावा तपासून ‘हे घडलं नाही’ असंही म्हटलेलं नाही. घडलं असं धरलं तरी हा गुन्हा या कलमात बसत नाही, एवढंच म्हटलं. ‘निर्दोष सुटले’ म्हणणारे आणि ‘दोषी असून सुटले’ म्हणणारे, दोघेही निकालात नसलेलं वाक्य वाचत आहेत.

फसलं कोण?

फसवणूक म्हणजे काय, हे कलम ४१५ सांगतं. एखाद्याला खोटं भासवून, अप्रामाणिकपणे, त्याच्याकडची मालमत्ता द्यायला प्रवृत्त करायचं. म्हणजे कुणीतरी फसलेला माणूस हवा, आणि त्याने फसून काहीतरी देऊन टाकलेलं हवं. सरकारी बाजूने प्रेक्षकाकडे बोट दाखवलं: त्याने तिकीट काढलं, प्रामाणिक खेळ बघायला मिळेल या भरवशावर पैसे मोजले. न्यायालयाने विचारलं, त्याला तिकीट घ्यायला प्रवृत्त कुणी केलं? तो तर आपल्या मर्जीने आला. खेळ स्वच्छ असेल असं त्याला वाटलं असेल, क्रिकेटवेड्यांना आपण फसलो असं वाटणंही साहजिक आहे, पण त्या भावनेतून गुन्हा जन्मत नाही. खेळाडूची बेशिस्त असेल तर क्रिकेट नियामक मंडळ आहे, त्याने कारवाई करावी.

सट्ट्याचा मुद्दाही असाच पडला. कर्नाटक पोलीस कायद्यात जुगाराची जी व्याख्या आहे, तिच्यातून मैदानी खेळ वगळलेले आहेत. तेव्हा क्रिकेटवर पैज लागली तरी ती त्या कायद्याच्या जुगारात मोडत नाही, असं न्यायालयाने धरलं.

वकील म्हणून मला यात न्यायमूर्तींचा दोष दिसत नाही. माणसाला तुरुंगात टाकणारा कायदा काटेकोरच वाचायचा असतो. उद्या पोलिसांना आवडलं नाही म्हणून कुठलंही वागणं ४२० मध्ये कोंबता यायला लागलं, तर पहिले भरडले जातील ते आपल्यासारखेच. माझी तक्रार आरोपपत्राशी आहे. फसलेला माणूस शोधायला ते प्रेक्षकांच्या गॅलरीत गेलं. तो ड्रेसिंग रूममध्ये बसला होता.

अशा संघातला एखादा सातव्या-आठव्या क्रमांकावर येणारा पोरगा डोळ्यांपुढे आणा. येळ्ळूरचा म्हणा, उचगावचा म्हणा. पहाटे उठून सायकलवर किट लादून नेटला यायचं. घरी बाप शेतात, नाहीतर उद्यमबागच्या कारखान्यात पाळीवर. बॅट घेताना दोन महिने घासाघीस, आणि ‘क्रिकेटनं पोट भरतंय काय रे?’ हे रोजचं. एवढं करून वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी एकदाचा लीगच्या अंतिम सामन्यात पोहोचला. पॅड बांधून कडेला बसलाय, पळत पळत पाणी नेतोय, वर बघतोय तर धावा निघत नाहीत. त्याला वाटतं गोलंदाजी चांगली पडतेय. तो आत जातो तेव्हा षटकामागे हव्या असलेल्या धावा दुप्पट झालेल्या असतात. उंच मारायला जातो आणि झेल देऊन परततो. दुसऱ्या दिवशी निवडकर्त्यांच्या कागदावर त्याच्या नावापुढे काय राहतं? एक आकडा आणि ‘दडपणाखाली ढासळला’ हा शेरा.

असा सौदा झाला असेल तर विकला गेला तो या पोराचा सामना. विजेत्याच्या बक्षिसातला त्याचा वाटा गेला. पुढच्या हंगामाचा करार गेला, कदाचित राज्य संघाची चाचणीही. प्रेक्षकाने तिकीट स्वेच्छेने घेतलं असेल, पण या पोराने आपला घाम, आपलं नाव, आपलं वर्ष त्या संघाच्या हवाली केलं ते बाकीचे दहाजण जिंकायला खेळतायत या विश्वासावर. हा विश्वासघात मोजता येतो. रुपयांतही मोजता येतो.

आणि नुकसान एका संघापुरतं थांबत नाही. २०१९ नंतर केपीएल झालीच नाही. मध्ये कोविड आला, कारणं एकाहून जास्त असतील. २०२२ मध्ये राज्य संघटनेने महाराजा ट्रॉफी सुरू केली तेव्हा तिच्यात बेंगळुरू, म्हैसूर, हुबळी, गुलबर्गा, मंगळूर आणि शिमोगा होतं. बेळगाव नव्हतं. ऑटोनगरला राज्य संघटनेचं देखणं मैदान आहे, २०१९ च्या उन्हाळ्यात तिथे भारत ‘अ’ आणि श्रीलंका ‘अ’ खेळून गेले. पण जिल्ह्याच्या नावाची जर्सी घालून राज्याच्या लीगमध्ये उतरायची वाट इथल्या पोरांना उरली नाही. हुबळीचा नाहीतर दुसरा कुठला संघ घेईल तर.

यात्रेतलं मैदान

तुरुंगाच्या विरोधातला सगळ्यात वजनदार युक्तिवाद मी एका वस्तादांकडून ऐकला. खानापूर तालुक्यातल्या एका यात्रेत, कुस्तीच्या मैदानाच्या कडेला बसून.

सीमाभागात कुस्तीचं मैदान म्हणजे काय असतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यापासून खेड्यातल्या यात्रेपर्यंत, कोल्हापूरच्या तालमीतला मल्ल आणि इकडचा मल्ल अशी जोड लागली की पंचक्रोशी लोटते. त्या दिवशी वरच्या नंबरातली एक कुस्ती लागली. दोघेही नावाजलेले. सलामी झाली, हात मिळाले, आणि मग नुसती खडाखडी. एकाने पट काढल्यासारखं केलं, दुसऱ्याने तो सहज सोडवला. पुन्हा मानेवर हात. माती उडत होती, पण कुणाचा श्वास फुललेला दिसेना. पाच-सात मिनिटांत हलगीवाल्याचा हातसुद्धा मंदावला. लोकांतून आरोळी आली, ‘नुरा हाय, नुरा!’ नुरा म्हणजे दोघांनी आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती. पंचांनी एकदा समज दिली, दुसऱ्यांदा दिली. मग सरळ आत शिरून दोघांना वेगळं केलं आणि माइकवरून पुकारलं की ही कुस्ती रद्द, इनाम कुणालाच नाही. ज्या शेतकऱ्याने त्या जोडीचं इनाम लावलं होतं त्याची रक्कम लगेच परत केली. दोघेही मल्ल मान खाली घालून, अंगावरची माती न झटकता, गर्दीतून वाट काढत गेले.

वस्ताद म्हणाले, “बघितलासा न्हवं वकीलसाहेब? तुमच्या कोर्टाला दहा वर्षं लागली असती. हितं धा मिन्टांत निकाल. आता पुढच्या यात्रंत ह्या दोघास्नी जोड कोण देत न्हाई. मल्लाला ह्याहून मोठी शिक्षा कंची?”

मी त्यांचा मान ठेवून सांगतो, यात खोटं काही नाही. खेळाडूला खेळापासून तोडणं ही मोठी शिक्षा आहे, आणि तिला तुरुंगासारखा खर्च नाही, उशीर नाही. पण ती तिथे चालते, कारण पैसे लावणारा, खेळणारा, बघणारा आणि निवाडा करणारा सगळे एकाच मैदानात असतात. इनाम गावचं, वर्गणी गावची, डोळे गावचे. लीगच्या सामन्यात तसं नाही. पैसा लावणारा कुठल्या शहरात बसलाय हे खेळाडूलाही ठाऊक नसतं. मधला माणूस हॉटेलच्या लॉबीत भेटतो आणि दुसऱ्या दिवशी फोन नंबर बदलतो. खेळाडूवर बंदी घातलीत तर तो दुसरा खेळाडू गाठतो. नियामक मंडळाने कारवाई करावी, असं उच्च न्यायालय म्हणालं. मंडळ खेळाडूला काढू शकतं, संघ निलंबित करू शकतं. पण बुकी मंडळाचा सदस्य नसतो, त्याला कशातून काढणार?

बंदीसुद्धा दिसते तेवढी पक्की नसते. २००० च्या मॅच फिक्सिंग प्रकरणानंतर मंडळाने माजी कर्णधार मोहम्मद अझरुद्दीन यांच्यावर आजन्म बंदी घातली. २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. आयपीएलमधल्या फिक्सिंगच्या आरोपावरून गोलंदाज श्रीशांतवर घातलेल्या आजन्म बंदीचा फेरविचार करायला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सांगितलं आणि ती सात वर्षांवर आली. शिस्तभंगाच्या चौकशीला पोलिसांसारखे अधिकार नसतात. फोन, बँक खाती, साक्षीदार, सगळंच तिच्या हाताबाहेर. यात्रेतल्या पंचांना डोळ्यांनी दिसत होतं. मंडळाच्या समितीला बहुतेक वेळा दुसऱ्याने जमवलेल्या कागदांवर विसंबावं लागतं.

जिथे तुरुंग झाला तिथे

ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत पाकिस्तानच्या दोन वेगवान गोलंदाजांनी तीन नो-बॉल आधी ठरवून टाकले. दीड लाख पौंडांचा तो सौदा एका वृत्तपत्राने सापळा लावून उघड केला. लंडनच्या सदर्क क्राउन कोर्टात खटला चालला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये शिक्षा झाल्या: मधला एजंट मझहर माजीद याला २ वर्षं ८ महिने, कर्णधार सलमान बट याला ३० महिने, मोहम्मद आसिफला एक वर्ष, मोहम्मद आमिरला ६ महिने. आमिर गुन्ह्याच्या वेळी १८ वर्षांचा होता आणि त्याने गुन्हा कबूल केला होता.

या उतरंडीतून मला माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं. नो-बॉल टाकले ते आसिफ आणि आमिर यांनी. चेंडूला हात न लावता सगळ्यात जास्त शिक्षा झाली ती एजंटला आणि त्याच्या खालोखाल कर्णधाराला. न्यायाधीशांनी पाय रेषेपुढे कुणाचा पडला एवढंच पाहिलं नाही, तो कुणाच्या सांगण्यावरून पडला हेही पाहिलं.

आणि हे शक्य झालं कारण तिथे कायद्यात जागा होती. जुगारात लबाडी करणं हा ब्रिटनच्या २००५ च्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. त्यात अमुक माणूस फसून त्याने पैसे दिले हे दाखवावं लागत नाही.

तिथेही सगळं सरळ झालं असं नाही. इंग्लंडमधल्या एसेक्स काउंटी संघाचा तरुण गोलंदाज मर्विन वेस्टफील्ड याने एका षटकात ठरावीक धावा द्यायला ६ हजार पौंड घेतले. ते पैसे त्याने एका सहखेळाडूला दाखवले आणि प्रकरण बाहेर यायला त्या सहखेळाडूची मदत झाली. २०१२ मध्ये वेस्टफील्डला ४ महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्याला यात ओढणारा म्हणून ज्याच्यावर इंग्लंडच्या मंडळाने आजन्म बंदी घातली, त्या दानिश कनेरियावर, एसेक्सकडून खेळणाऱ्या पाकिस्तानी फिरकी गोलंदाजावर, फौजदारी आरोपच ठेवला गेला नाही. २०१८ मध्ये त्याने स्वतः कबुली दिली. पोरगा आत गेला आणि त्याला ओढणारा बाहेर राहिला. आपल्याकडे कायदा करायचा तर हा धडा पहिल्यांदा पुढे ठेवला पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेने आपला कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचं फिक्सिंग प्रकरण पचवलं आणि २००४ च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यात खेळासाठी स्वतंत्र तरतूद केली; त्याच कायद्याखाली माजी खेळाडू गुलाम बोदी याला २०१९ मध्ये ५ वर्षांची शिक्षा झाली. श्रीलंकेने दहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा खास कायदा संमत केला तोही नोव्हेंबर २०१९ मध्ये. म्हणजे बेंगळुरूला टस्कर्सचे खेळाडू पकडले जात होते त्याच महिन्यात.

आपल्याकडे काय झालं? क्रोनिएचं बुकीशी झालेलं संभाषण पकडलं ते दिल्ली पोलिसांनी, एप्रिल २००० मध्ये. इतरांचे कायदे त्यातून झाले, आपला झाला नाही. आयपीएल फिक्सिंगनंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये मॅच फिक्सिंग हा फौजदारी गुन्हा करा असं सुचवलं. विधी आयोगाने २०१८ च्या २७६ व्या अहवालात तेच सांगितलं. संसदेने तो गुन्हा अजून कायद्यात आणलेला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, ४२० चं कलम ३१८ झालं, शब्द जवळपास तेच राहिले. अनधिकृत सट्टा चालवणाऱ्या टोळीसाठी कलम ११२ आलं. २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाही झाला. सट्टा लावून घेणाऱ्याला कायदा आता दोन्हीकडून गाठतो. सामना विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला अजून नाव नाही.

उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध कर्नाटक सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलेलं आहे, आणि मॅच फिक्सिंग म्हणजे फसवणूकच असं म्हणत क्रिकेट नियामक मंडळानेही तिथे आपली बाजू मांडायला अर्ज केला. तिथे ४२० चा अर्थ रुंद झाला तर मला आनंदच होईल. पण तो जुन्या अंगरख्याला मारलेला जोड असेल. पुढचा आरोपी पुन्हा शिवण उसवायला वकील लावेल, आणि तो वकील आपलं काम चोख करेल.

निकालाआधीचा तुरुंग

तुरुंगाची मागणी करताना एक गोष्ट माझ्या मनाला टोचते. आमच्याकडे तुरुंग म्हणजे हिंडलगा. अशिलांना भेटायला मी तिथे जातो. आत जे बसलेले असतात त्यातल्या बहुतेकांचा खटला संपलेलाच नसतो. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशभरातल्या दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते. आपल्याकडे शिक्षा बऱ्याचदा अटकेच्या दिवशी सुरू होते आणि जामिनाच्या दिवशी संपते; निकाल हा नंतरचा उपचार.

खेळाडूंच्या बाबतीत तर हे उघडं दिसलं. मे २०१३ मध्ये श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा अंकित चव्हाण यांना आयपीएलमधल्या फिक्सिंगच्या आरोपावरून पकडलं. दिल्ली पोलिसांनी थेट मोक्का लावला. संघटित गुन्हेगारीच्या टोळ्यांसाठी महाराष्ट्राने केलेला आणि दिल्लीने उचललेला तो कायदा. काळे बुरखे घातलेली त्यांची चित्रं घराघरांत पोहोचली, काही आठवडे कोठडी झाली. आणि जुलै २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने सगळ्याच ३६ आरोपींना आरोपमुक्त केलं. खटला उभा राहण्याइतकंही काही त्या आरोपपत्रात न्यायालयाला दिसलं नाही. केपीएलच्या प्रकरणातही अटक आधी झाली, कोठडी आधी झाली, आणि कायद्यात हा गुन्हाच नाही हे दोन वर्षांनी कळलं.

हे मला फिक्सिंगइतकंच अन्यायाचं वाटतं. नेमका कायदा नसला की पोलीस हाताशी असलेला सगळ्यात जड कायदा उचलतात, आणि तो न्यायालयात पडतो. मधल्या काळात खेळाडूचं वय निघून जातं, आणि खरा सूत्रधार कुणाच्या लक्षातही राहत नाही. स्वतंत्र कायदा हवा तो खेळाडूला ठेचण्यासाठी तेवढाच, जेवढा त्याला असल्या अंदाधुंद कारवाईपासून वाचवण्यासाठी.

मग कुणाला आणि किती

संसदेने २०२४ मध्ये पेपरफुटीविरुद्ध कायदा केला. पेपर फोडणाऱ्याला तीन ते पाच वर्षं, टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी रुपये दंड. परीक्षेला बसणाऱ्या उमेदवाराला मात्र त्या शिक्षांतून वगळलं, त्याचं काय करायचं ते परीक्षा मंडळाने आपल्या नियमांनी ठरवावं. विचार सरळ आहे: बाजार मांडणाऱ्याला तुरुंग, बाजारात आलेल्याला शिस्तभंग.

खेळाडू यातला उमेदवार की पेपर फोडणारा? माझं मत असं की तो दोन्ही असू शकतो, आणि न्यायाधीशाला तेच तपासावं लागेल. ज्याच्या हातात दुसऱ्यांचं नशीब सोपवलेलं आहे, म्हणजे कर्णधार, प्रशिक्षक, संघाचा मालक, तो पेपर सांभाळणारा माणूस आहे. त्याने विकलं तर त्याला तुरुंगच हवा, आणि वर्षांत मोजावा असा हवा. पैसे देणाऱ्या बुकीला आणि मधल्या दलालाला त्याहून एक दिवससुद्धा कमी नको, कारण त्यांना दुसरी कुठलीच शिक्षा पोहोचत नाही. बऱ्याच वर्षांचा कसलेला खेळाडू, ज्याला करार आहे, नोकरी आहे, त्याने हावेपोटी आपलं षटक विकलं तर त्यालाही मी सूट देणार नाही. वर्ष-सहा महिने असोत, पण आत जाऊन यावं.

एकोणीस-वीस वर्षांच्या पोराची गोष्ट निराळी. ज्याला कर्णधार म्हणतो, ‘एवढं कर, बाकी मी बघतो,’ त्याने नाही म्हणायचं तरी कसं? नाही म्हटलं तर उद्या अकरांत नाव नसतं. यासाठी नवा विचारही करायला नको. १९५८ चा परिवीक्षा कायदा २१ वर्षांखालच्या गुन्हेगाराला शक्यतो तुरुंगात पाठवू नका, पाठवायचंच तर कारण लिहा, असं न्यायालयाला बजावतो. आमिर आपल्याकडे असता तर त्याच्या वकिलाने पहिल्यांदा हाच कायदा पुढे केला असता, आणि मी न्यायाधीश असतो तर मान्य केला असता. बंदी मात्र पुरी भोगावी.

ज्याने फिक्सिंग केलं नाही, पण बुकीकडून विचारणा झाल्याचं लपवलं, तो फौजदारी कायद्याच्या बाहेरच राहावा. बांगलादेशच्या शाकिब अल हसनला ऑक्टोबर २०१९ मध्ये याच कारणासाठी दोन वर्षांची बंदी झाली, त्यातलं एक वर्ष स्थगित. तेवढं पुरे आहे. विचारणा झालेल्या पोराला तुरुंगाची भीती घातली तर तो कधीच तोंड उघडणार नाही, आणि प्रकरण बाहेर काढू शकणारा माणूस तोच असतो. एसेक्सचं प्रकरण बाहेर आलं तेही माहिती असलेल्या एका खेळाडूने तोंड उघडल्यामुळे.

हे मी टिळकवाडीतल्या एका स्पर्धेच्या आयोजकांसमोर मांडलं, तेव्हा एकाने विचारलं, “साहेब, आमच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांचं काय? सरदार मैदानावर बाहेरनं खेळाडू आणतात, लाखाची बक्षिसं असतात, आणि मोबाइलवर सट्टा तिथंपण असतोय की.” त्याचं बरोबर आहे. कायदा झालाच तर तो फक्त मंडळाच्या मान्यतेच्या सामन्यांपुरता नको. प्रवेश फी घेऊन, बक्षीस लावून होणारा कुठलाही सामना त्यात यावा, मग तो चेंडूचा असो की मातीतला.

आणि कलमाची रचना करताना फसलेला माणूस नीट लिहावा. ‘प्रेक्षकाला फसवलं’ असं लिहिलं की पुन्हा तिकिटापाशी अडकणार. लाभासाठी, आपल्या संघाशी केलेला करार मोडून, मुद्दाम कमी खेळणं किंवा तसं खेळायला लावणं, एवढं गुन्ह्यासाठी पुरेसं असावं. दंड सौद्याच्या रकमेच्या काही पट असावा आणि तो सरकारी तिजोरीत गडप होऊ नये. दंडातून नुकसानभरपाई देण्याचा अधिकार फौजदारी न्यायालयाला आजही आहे. पूर्वी तो दंड प्रक्रिया संहितेच्या ३५७ व्या कलमात होता, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९५ व्या कलमात आहे. तो वापरून संघातल्या बाकीच्या खेळाडूंना त्यांच्या हिश्श्याचं बक्षीस मिळावं, आणि त्या सामन्यातली त्यांची कामगिरी निवडीसाठी धरू नये असा आदेश निकालातच असावा. सातव्या-आठव्या क्रमांकावर येऊन झेल देऊन परतलेल्या पोराच्या नावापुढचा तो शेरा अशाने पुसता येईल.